धालोगीते उतरवून घेताना: ओट्रान्स्क्राइबचा अनुभव

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील धालोगीते, म्हणजे धालो या स्त्रियांच्या लोकनृत्यातील गाणी, आणि ती गाणाऱ्या वयस्क स्त्रियांच्या मुलाखती लिहून काढायच्या, तर आपोआप लेखन करणारी साधने फारशी उपयोगी पडत नाहीत. एकाच वाक्यात मराठी आणि कोकणी मिसळणारी बोली आणि पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे धालो खेळण्याच्या जागी, मोबाइलने केलेले ध्वनिमुद्रण यांपुढे ती अडखळतात. काम हातानेच करावे लागते. त्यात खरा त्रास टंकलेखनाचा नसतो, तर प्लेअर आणि लेखनाची खिडकी यांमधील सततच्या ये-जा करण्याचा असतो, कारण आवाज थांबवायला माउसकडे हात गेला की कानात धरून ठेवलेली अर्धी ओळ निसटते.

एलियट बेंटली यांनी तयार केलेले ओट्रान्स्क्राइब हे मोफत, मुक्तस्रोत साधन नेमकी हीच अडचण दूर करते. ब्राउझरमधील एकाच पानावर वर ध्वनीची पट्टी आणि खाली लिहिण्याची जागा असते; ‘एस्केप’ने आवाज थांबतो व पुन्हा सुरू होतो, ‘एफ१’ने थोडा मागे जातो, ‘एफ२’ने पुढे, आणि ‘एफ३’ व ‘एफ४’ने वेग कमी-जास्त होतो. वेग कमी केला तरी आवाजाचा सूर बदलत नाही, त्यामुळे दात नसलेल्या आजींनी गिळलेले शेवटचे अक्षरही बहुधा हाती लागते. या कळांचा देवनागरी कळफलकाशी कोठेही संघर्ष होत नाही, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे. काही लॅपटॉपवर मात्र ‘एफ१’ दाबताच आवाजच बंद होतो. तेथे ‘एफएन’ कळ सोबत दाबावी किंवा साधनातील कळा आपल्या सोयीने बदलून घ्याव्यात.

मला सर्वांत मोलाची वाटली ती ‘कंट्रोल’ आणि ‘जे’ दाबून मजकुरात वेळ नोंदवण्याची सोय. शब्द ‘मांडार’ आहे की ‘माटवांत’ हे कळले नाही, तर तेथे वेळ टाकून पुढे जाता येते आणि नंतर जाणकार व्यक्ती शेजारी बसली असताना त्या वेळेवर क्लिक केले की ध्वनिमुद्रण नेमके तेथूनच वाजू लागते.

ध्वनिफीत आणि मजकूर दोन्ही आपल्याच संगणकावर राहतात. घरच्या गोष्टी विश्वासाने सांगणाऱ्या बायकांचे बोलणे परक्या सर्व्हरवर जात नाही, हे मला आवश्यक वाटते. परंतु मजकूर ब्राउझरच्या साठ्यात जपला जात असल्याने तो साठा साफ केला की लेखनही जाते. म्हणून रोज काम संपताना ते फाइल म्हणून उतरवून ठेवावे. जुन्या मोबाइलवरील एएमआर स्वरूपातील फायली ब्राउझर वाजवत नाहीत, त्या आधी व्हीएलसी या प्लेअरमधून एमपी३मध्ये बदलाव्या लागतात.

मुलाखतींसाठी मी हे साधन निःसंकोच सुचवीन, गीतांसाठी तितके नाही. धालोत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन रांगा आळीपाळीने गातात, आणि आवाज एकमेकांत मिसळतात तेथे तोच छोटा तुकडा पुन्हापुन्हा आपोआप वाजत राहणे आवश्यक असते. ती सोय मला येथे आढळली नाही, व्हीएलसीत ती आहे. संगणकाशी अधिक सलगी असलेल्यांनी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रणालीतून एमपीव्ही प्लेअर चालवून पाहावा. त्यात हव्या तशा कळा बांधता येतात, मात्र ती मांडणी बसवायला चिकाटी लागते.