आधी काजवे, मग गवे: राधानगरी-दाजीपूरची दीड दिवसाची सफर, शिक्षकांच्या नजरेतून

मे सरत आला की कोल्हापुरातल्या मास्तर-बाईंच्या हाती सुट्टीचे जेमतेम दोन आठवडे उरतात. मग जूनच्या मध्याला प्रवेशोत्सव, पुस्तकांचं वाटप, हजेरीपत्रकं. एवढ्या दिवसांत लांबचा प्रवास झेपत नाही आणि घरी बसवतही नाही. त्यासाठी राधानगरी अभयारण्यासारखी दुसरी जागा जिल्ह्यात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त क्रम चुकवू नका: संध्याकाळी राधानगरीत काजवे, तिथंच मुक्काम आणि पहाटे त्याच अभयारण्यातल्या दाजीपूरची जंगल सफारी.

बरेच जण उलटं करतात. पहाटे कोल्हापूर सोडतात आणि साधारण 80 किलोमीटर कापून दाजीपूरच्या गेटवर पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. गवा पहाटे आणि संध्याकाळी चरतो. ऊन चढलं की दाट झाडीत शिरून रवंथ करत बसतो. दहा वाजता जीपमध्ये बसून "काहीच दिसलं नाही" म्हणण्यात मग जंगलाचा काय दोष?

रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एसटी मिळते. फोंडा घाटातून कोकणात उतरणाऱ्या गाड्या दाजीपूरवरूनच जातात, पण पहाटेच्या सफारीला त्यांची वेळ जुळत नाही. त्यामुळे राधानगरीहून पुढच्या प्रवासासाठी गाडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी. राधानगरीच्या पुढे वळणं वाढतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि निघताना पोटभर मिसळ चापू नये.

दुपारी पोचलात तर आधी धरण बघा. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर हे काम काढलं आणि वसाहतीला आपल्या मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. इथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून दरवाजे उघडलेले दिसणार नाहीत, मात्र बांधकाम नीट न्याहाळता येतं. 26 जूनला शाहू जयंती असते. त्या दिवशी वर्गात तेच ते भाषण करण्यापेक्षा फळ्यावर या दरवाजाची आकृती काढून दाब म्हणजे काय ते शिकवता येईल. त्यासाठी दोन-तीन फोटो बाजूच्या कोनातून घ्या. समोरून काढलेल्या फोटोत दरवाजा कसा झुलतो ते कळत नाही.

आता काजवे. मेचा शेवटचा आठवडा ते मोठा पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस, हाच यांचा हंगाम. वळवाचे एक-दोन सडाके पडून जमीन ओली झाली की त्यांची संख्या वाढते आणि धो-धो पाऊस लागला की दिसेनासे होतात. तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये अमावास्या शोधा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चांदण्यात निम्मी मजा जाते. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, खरा काळोख साडेसातनंतर होतो, आणि साडेसात ते साडेनऊ ही वेळ सगळ्यांत चांगली. हवा दमट आणि पडलेली हवी. वारा सुटला की काजवे पानांना चिकटून बसतात.

एखादं झाड असं भरतं की अख्खं झाड एका तालात उघडझाप करतं. हे नर असतात. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी असते आणि मादी खालून, गवतातून किंवा पानावरून, त्या लयीला उत्तर देते. नेमकं हेच आपण बॅटरी मारून मोडतो. मोबाइलचा पांढरा झोत पडला की उत्तर हरवतं, जोडी जुळत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे तेवढे कमी होतात. म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी बांधा, झोत पायाशी ठेवा, गाडीचे दिवे बंद करा. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात. कुणी एकदा जरी स्क्रीन पाहिली तरी त्याला पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं. मोबाइलवर फोटो येत नाही, नाद सोडा. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवलं तरच काही हाती लागतं. पायात बूट हवेत, चप्पल नको, कारण वळवानंतर साप आणि विंचू बाहेर पडतात. झाडाखालच्या पाचोळ्यातही जाऊ नका. काजव्याची अळी जमिनीवर राहते, गोगलगायी खाऊन वाढते, आणि ती पायाखाली चिरडली जाते.

मुक्कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधी खोली, पिठलं-भाकरी, खर्डा मिळतो. जेवण दुपारीच सांगून ठेवा, रात्री दहाला गरम काही मिळेल अशी आशा धरू नका. दाजीपूरकडे मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून पैसे रोख ठेवा आणि घरी आधीच कळवून टाका.

पहाटे पाचला राधानगरी सोडली की गेट उघडताना तुम्ही तिथं असता. दाजीपूरला 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. पुढं ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, आज क्षेत्र 351.16 चौरस किलोमीटर आहे. पूर्वी ही संस्थानची शिकारीची राने होती. सफारी पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करणं सक्तीचं समजा. ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. माणशी दोन लिटर पाणी स्टीलच्या बाटलीत घ्या. कपडे खाकी, मातकट किंवा गडद हिरवे घाला. गव्याचं नाक फार तीक्ष्ण असतं, म्हणून अत्तर नको, गजरा नको.

रस्ता जांभ्याचा, दगडगोट्यांचा. जीपच्या मागच्या चाकावर येणारी सीट सगळ्यांत जास्त आदळते. कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी ती हट्टानं टाळावी. लाल धूळ उडते, तोंडाला पंचा किंवा ओढणी हवीच. एका जीपमध्ये सहा जण ठीक. आठ जण कोंबले की खिडकीपाशी दोघंच पाहतात, बाकीचे "कुठाय, कुठाय" करतात आणि त्या आवाजानंच कळप हलतो.

चालकाला सुरुवातीलाच सांगा: वेगानं फेरी पुरी करायची नाही, थांबत थांबत जायचं. सफारीची सगळी मजा या एका वाक्यावर आहे. सावराई सड्यासारख्या उघड्या जागी इंजिन बंद करून पंधरा मिनिटं गप्प बसा. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं सपाट माळरान, मातीचा थर पातळ, म्हणून मोठी झाडं नाहीत आणि गवत भरपूर. गवा चरायला उघड्यावर का येतो, याचं उत्तर त्या खडकात आहे, आणि भूगोलाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

गव्याला आपण सर्रास बायसन म्हणतो, गवारेडाही म्हणतो. तो बायसनही नाही आणि रेडाही नाही. गाय-बैलांच्या कुळातलाच रानटी भाऊबंद आहे. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय ही पहिली खूण. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. वासरू जन्मतः फिकट तांबूस असतं, मोजे नंतर येतात. कळपात पिल्लं असतील किंवा नर एकटा असेल तर अंतर जास्त ठेवा, खाली तर अजिबात उतरू नका. तो मान खाली घालून फुसकारला आणि आडवा उभा राहून अंगाची बाजू दाखवू लागला की तो इशारा असतो. शांतपणे मागं सरायचं, हॉर्न वाजवायचा नाही.

गवा नाही दिसला तर मान वर करा. झाडांच्या शेंड्यांना काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात, ती शेकरूची घरटी. शेकरू म्हणजे मोठी खार, आपला राज्यप्राणी. एकेक शेकरू अनेक घरटी बांधतं. दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, असेल तर पुरते. यापेक्षा जास्त मोठं करणारी हलत्या जीपमध्ये हातात स्थिर राहत नाही.

पन्नास मुलांची सहल इथं आणू नये, असं आम्हाला ठाम वाटतं. पाचवी-सहावीच्या मुलांना धरण पुरेसं आहे. आठवी-नववीची वीस-बावीस मुलं चार जीपमध्ये, थोड्या थोड्या अंतरानं सोडली तर काम होतं, आणि तीही हिवाळ्यात. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. राधानगरीपर्यंत एसटीनंच यावं.

वर्गात दाखवायला काजवा डबीत घालून नेऊ नका. प्रौढ काजवा थोडेच दिवस जगतो आणि डबीत तर त्याहून लवकर मरतो. त्याऐवजी जत्रेत मिळणाऱ्या, वाकवल्यावर चमकणाऱ्या दोन सारख्या कांड्या घ्या. एक बर्फाच्या पाण्यात, एक हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा आणि खिडक्या लावून घ्या. गरम पाण्यातली जास्त उजळते, पण लवकर विझते. काजव्याच्या पोटातली रसायनं वेगळी असतात, ऑक्सिजनही लागतो, मात्र जाळ न होता रासायनिक क्रियेतून उजेड पडतो हे दोन्हीकडे सारखंच, आणि ते मुलांना पाच मिनिटांत दिसतं.