क्वीन्सब्रिजचा पोरगा आणि त्याची चाळीस मिनिटं

न्यूयॉर्कचा रॅपर नॅस, त्याचा 'इल्मॅटिक' हा माझ्या मते हिप-हॉपमधला सगळ्यात नेमका अल्बम आहे. सगळ्यात गाजलेला किंवा सगळ्यात नाचायला लावणारा कोणता, यावर दुसरी नावं घ्या, मी भांडणार नाही. पण एक वस्ती, एक पोरगा आणि त्याला तिथून दिसलेलं जग, एवढ्याच भांडवलावर इतकं भरीव काम मी दुसऱ्या कुठल्या अल्बममध्ये ऐकलेलं नाही.

19 एप्रिल 1994 ला कोलंबिया कंपनीने तो बाजारात आणला तेव्हा नासिर जोन्स, म्हणजे नॅस, वीस वर्षांचा होता. शाळा आठवीतच सुटलेली. एकूण दहा ट्रॅक, त्यातला पहिला नुसता प्रवेश, आणि सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. त्या काळी रॅपचे अल्बम तास-तासभर लांबायचे, मध्ये नाटुकली असायची, मित्रमंडळींची भरताड असायची. इथे पाहुणा रॅपर एकच, एझी. अल्बम येण्याआधीच चोरट्या कॅसेट बाहेर फिरायला लागल्या होत्या म्हणून घाई झाली, हे खरं. तरी हा आटोपशीरपणा मला घाईचा वाटत नाही. त्यात उपटून टाकावा असा एकच ट्रॅक मला सापडतो, त्याबद्दल पुढे.

कॅसेटच्या दोन बाजूंनाही नावं आहेत: '40 साइड नॉर्थ' आणि '41 साइड साउथ'. क्वीन्सब्रिज वस्तीतल्या 40 आणि 41 क्रमांकाच्या रस्त्यांवरून घेतलेली. मी फोनवर ऐकते, पण बाजू पाळते. पहिले पाच ट्रॅक सकाळी सोलापूरजवळच्या कुंभारीहून अक्कलकोट रोड एमआयडीसीला जाताना आणि उरलेले पाच संध्याकाळी परत येताना. टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा पहिल्या बाजूची धावपळ झेपते. दुसरी बाजू थोडी मागे वळून बघणारी आहे, ती परतीच्या शेअर रिक्षातच बरी.

क्वीन्सब्रिज म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीच्या काठावर, पुलाच्या पायथ्याशी उभी असलेली सरकारी वस्ती. सहा मजल्यांच्या 96 इमारती, तीन हजारांवर घरं. मी राहते ते गोदूताई परुळेकर विडी घरकुल. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली दहा हजार घरं, 2006 मध्ये ताब्यात आलेली. दोन्ही वस्त्या सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. तिथे सरकारच्या मालकीची भाड्याची घरं, आणि 1980 च्या दशकात क्रॅक कोकेन आलं तेव्हा तिथली पोरं बंदुका घेऊन उभी राहिली. आमच्याकडे दारात सूप मांडीवर घेऊन विडी वळणाऱ्या बायका आहेत. पण एकसारख्या घरांच्या रांगेत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच कळते. बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या खिडक्या एकच दिसतात. आत राहणाऱ्याला प्रत्येक खिडकीचं नाव माहीत असतं. नॅस ती नावं घेत जातो. कोण तुरुंगात गेलं, कोण मेलं, कोण कुठल्या बाकावर बसतं. 1992 मध्ये त्याचा जिवलग मित्र आणि शेजारी विली ग्रॅहम, म्हणजे इल विल, गोळी लागून गेला. हे नाव अल्बममध्ये फिरून फिरून येतं. त्याच्यासाठी वेगळं रडगाणं नाही. बोलता बोलता येतं, घरातल्या गेलेल्या माणसाचं येतं तसंच.

हा अल्बम मला भिवंडीच्या माझ्या मावसभावाने मेमरी कार्डात घालून दिला. अन्ना तिकडे पॉवरलूमवर होता. "बोल कळले नाहीत तरी आधी आवाज ऐक की गं," म्हणाला. त्याचं बरोबर होतं. माझे वडीलही मागावर होते, आणि मागवाल्याचं बोलणं मी लहानपणापासून ऐकलं आहे. धोट्याच्या खटखटीवर तो आवाज चढवत नाही, दोन ठोक्यांच्या फटीत शब्द घालतो. नॅस ड्रमशी अगदी तसाच वागतो. त्याची ओळ ठोक्यावर संपत नाही, ठोका ओलांडून पुढच्या ओळीत शिरते, आणि यमक ओळीच्या शेवटी वाट बघत बसण्याऐवजी मध्येच दोनदा-तीनदा लागून जातं. इंग्रजी जेमतेम कळत होतं तेव्हाही हे कानाला कळत होतं. बोल नंतर कळले. डिक्शनरी घेऊन, एकेक कडवं वहीत उतरवून.

सुरुवात रेल्वेच्या आवाजाने होते. 'वाइल्ड स्टाइल' या हिप-हॉपवरच्या जुन्या चित्रपटातला तुकडा आहे, आणि त्यामागे बारीक आवाजात नॅसचंच 1991 मधलं पहिलं गाजलेलं कडवं वाजत असतं. मग 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'. डीजे प्रीमियरने जो चेंबर्सच्या जॅझ तुकड्यातला पियानो उचलून इतका खाली, इतका काळोखा करून ठेवला आहे की जिना उतरल्यासारखं वाटतं. नॅस आधी, सुरू कसं करावं हे माहीत नाही, असं काहीतरी पुटपुटतो आणि लगेच सुरू होतो. पहिलं कडवं एका दमात रेकॉर्ड झालं असं प्रीमियरने सांगितलं आहे.

या कडव्यातली गोळीबाराची जागा मुद्दाम ऐका. बाकीचे रॅपर जिथे छाती फुगवतात तिथे याचा हात थरथरतो. बघवत नाही त्याला. बायकांच्या किंकाळ्या ऐकू येतात. पुन्हा चाप ओढतो तर बंदूक अडकते, आत तीन गोळ्या फसलेल्या. तो पळत इमारतीच्या दाराशी येतो, तर तिथे लहान मुलांची गर्दी. बस. मुलं तिथे का होती, पुढे त्यांचं काय झालं, हे सांगत नाही. वस्तीत राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. जिन्यापाशी मुलं असतातच. मी ही जागा ऐकते तेव्हा रिक्षात असूनही आवाज कमी करते, कारण त्यानंतरची ओळ लगेच कानावर घ्यावीशी वाटत नाही.

'लाइफ्स अ बिच' मध्ये एझीचं कडवं आधी येतं आणि ते इतकं देखणं आहे की नॅसला त्यानंतर उभं राहणं अवघडच होतं. तो उभा राहतो तो आपल्या विसाव्या वाढदिवसाच्या सकाळी: जागा झालो, वीस वर्षांचा झालो, ही कृपाच म्हणायची. शेवटी कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य, वाजतं ते त्याच्या वडिलांचं, जॅझ वादक ओलू दारा यांचं. वडील घर सोडून गेले होते, पोरांना आईने वाढवलं. तरी त्या पोराने पहिल्याच अल्बमवर वडिलांना बोलावलं आणि शेवटची जागा त्यांना दिली. ते सूर पुढे येत नाहीत, गाणं विझता विझता मागून वाजत राहतात.

आणि इथेच माझी तक्रार आहे. बाप कॉर्नेटसकट आला, मग वाढवणारी आई कुठे आहे? या चाळीस मिनिटांत बाई आहे ती किंचाळणारी, पत्र न लिहिणारी, किंवा शिवीत. माझी अम्मा विडी वळून घर चालवायची, म्हणून हे मला जास्त टोचतं. वस्ती इतक्या बारकाईने बघणाऱ्या डोळ्यांना स्वयंपाकघर दिसलंच नाही? नंतरच्या अल्बममध्ये त्याने आईसाठी गाणं केलं, ते सुरेख आहे, पण त्याने ही पोकळी भरत नाही. गंमत बघा, त्याला कोलंबियात घेणारी फेथ न्यूमन ही बाईच. 'द सोर्स' या हिप-हॉपच्या मासिकात या अल्बमला पाचपैकी पाच माइक देणारं परीक्षण लिहिलं ते मिन्या ओ हिने, तीही बाईच. पहिल्याच अल्बमला पाच माइक ही तेव्हा अगदी दुर्मीळ गोष्ट. ज्यांनी त्याला आधी ओळखलं त्यांत बायका होत्या, आणि अल्बमच्या आत त्यांना जागा नाही. हे मला मान्य नाही, आणि अल्बम आवडतो म्हणून मी ते झाकणारही नाही.

'द वर्ल्ड इज युवर्स' वर फार बोलत नाही, ते सगळ्यांनाच आवडतं. पीट रॉकने अहमद जमालचा पियानो घेतला आहे, मागची ओळ स्वतःच म्हटली आहे, आणि सकाळच्या उन्हात ते गाणं कुठेही लावा, चालतं. 'हाफटाइम' जुनं, 1992 चं. त्यात दम आहे पण पोरगेलेपणाही आहे. 'वन टाइम फोर युवर माइंड' तो उपटण्याजोगा ट्रॅक. वाईट नाही, सैल आहे, आणि इतक्या घट्ट कामात सैलपणा लगेच दिसतो. शेवटच्या 'इट एन्ट हार्ड टू टेल' मध्ये मायकल जॅक्सनच्या 'ह्यूमन नेचर' चा तुकडा ऐकून माझ्या ऑफिसमधल्या ज्या बाईंना रॅप म्हणजे आरडाओरडा वाटतो त्याही थांबल्या होत्या.

प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. असे वेगवेगळे संगीत करणारे एका अल्बमवर घेण्याची चाल यानंतर जोरात पसरली. बहुतेकांच्या हातात त्याचं गाठोडं बनतं, जो तो आपलाच ठसा सोडून जातो. इथे तसं झालं नाही. सगळ्यांनी जुने जॅझ-सोल रेकॉर्ड धुंडाळले आणि सगळ्यांनी त्या एका पोराच्या आवाजासाठी जागा सोडली.

आता 'वन लव्ह'. क्यू-टिपचं संगीत, हीथ ब्रदर्सच्या रेकॉर्डवरचा बोटांनी छेडल्यासारखा तो टिणटिण आवाज, आणि गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. तुला मुलगा झाला, तुझ्यासारखा दिसतो म्हणतात. तुझ्या खात्यात थोडे पैसे टाकलेत. अमका आता धंद्यात पडलाय. पत्रात माणूस जे लिहितो तेच, आणि त्या साध्या बातम्यांमधून कळतं की आत असलेल्या माणसाची बाहेरची जागा हळूहळू भरत चालली आहे. तिसऱ्या कडव्यात तो वही-पेन घेऊन दोन दिवस वस्तीपासून लांब जातो. परत येतो तर बाकावर बारा वर्षांचा पोरगा, गांजा ओढणारा, बुलेटप्रूफ घालून. नॅस त्याला समजुतीचं काही सांगतोय. पोरगा खोल झुरका घेतो, झोपल्यासारखे डोळे मिटतो, मग त्याला खोकला येतो आणि तो एक डोळा किलकिला करून नॅस काय बोलतोय ते बघतो.

तो एक डोळा. हे घरी बसून सुचत नाही. हे दिसावं लागतं, आणि दिसल्यावर लक्षात ठेवावं लागतं. मोठेपणाचा आव आणलेलं लेकरू अजून ऐकतंय, हे त्या एका हालचालीत आलं आहे. इतर कुठल्याही गाण्यात मी लहान मुलाला असं पाहिलेलं नाही.

आमच्याकडे घरकुलात आणि अशोक चौकाच्या बाजूला आता पोरं रॅप करतात. मराठी, तेलुगू, दखनी, कन्नड एकाच कडव्यात घालतात, आणि ती ताकद आहे, दुसऱ्या गावाला ती मिळणार नाही. पण गाणी ऐकली तर त्यांत कधी न पाहिलेल्या गाड्या आणि कधी न धरलेल्या बंदुका. आठवड्यात कोणत्या दिवशी पाणी येणार यावर सगळ्या गल्लीचं वेळापत्रक चालतं, गड्ड्याच्या जत्रेला जायला पैसे कसे जमतात, आईच्या बोटांना तंबाखूचा वास कसा राहतो, यातलं काहीच नाही. नॅसच्या अल्बममध्ये बंदूक आहे कारण त्याच्या जिन्यात ती होती. त्याच्याकडून बंदूक उचलू नका रे, जिना उचला.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर क्रमाने सुरू करू नका, एवढंच माझं सांगणं. आधी फक्त 'वन लव्ह', बोल समोर ठेवून, इयरफोन लावून, घरातलं काम संपल्यावर. मग दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. खालचा बास जातो आणि बासबरोबर अर्धा अल्बम जातो. शिव्या आहेत, लहान मुलांसमोर लावू नका. कव्हरही नीट बघा. सात वर्षांच्या नॅसचा चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यावरून त्याच्या इमारती, त्याचा रस्ता उमटलेला आहे.