मलेरियाच्या दोन लसी: आरटीएस,एस की आर२१?

दोन्ही लसी फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीच्या एकाच प्रथिनावर नेम धरतात. डासाच्या चाव्यातून आलेला परजीवी यकृतात शिरण्याआधीच त्याला अडवायचं, हा हेतू. फरक बांधणीत आहे. आरटीएस,एसच्या कणात हिपॅटायटिस-बीचं प्रथिन जास्त आणि मलेरियाचं कमी. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते त्या आर२१ मध्ये हिपॅटायटिस-बी प्रथिनाच्या प्रत्येक रेणूला मलेरियाचा तुकडा जोडलेला असतो. त्यामुळे एका डोसला २५ ऐवजी ५ मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं.

लसीकरण केंद्रावर खरा फरक जाणवतो. आरटीएस,एस म्हणजे भुकटीची एक कुपी आणि द्रवाची दुसरी. मिसळल्यावर दोन बाळांना ०.५ मिली प्रत्येकी, तेही ६ तासांत. घाईत नुसता द्रव टोचला गेला, तर बाळाला मलेरियाचं प्रथिन मिळतच नाही. आर२१ तयार द्रवच असते, ही चूक होण्याची सोयच नाही. २ ते ८ अंश तापमान दोन्हींना लागतं. गोठलेली कुपी फेकायचीच.

परिणामात कोण सरस? समोरासमोर चाचणी झालेली नाही, म्हणून ‘आर२१ जास्त प्रभावी’ हे विधान घाईचं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर दिल्यास दोन्हींनी पहिल्या वर्षी सुमारे ७५ टक्के आजार टाळला. पुढे संरक्षण ओसरतं, म्हणून चौथा डोस चुकवू नये. आरटीएस,एसकडे घाना, केनिया, मलावीतला २०१९ पासूनचा अनुभव आहे: बालमृत्यू १३ टक्क्यांनी घटले. किमतीत मात्र आर२१ स्वस्त, डोसला चार डॉलरच्या आत.

व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियावर दोन्ही निरुपयोगी. मच्छरदाणी हवीच.