अर्थिंगच्या नावाखाली काळ्या वायरचा तुकडा

गीझर लावला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘ईएलसीबीच खराब झालाय, बदलून देतो.’ तुमच्याकडे असं चाललं असेल तर त्याला तिथेच थांबवा. आमच्याकडे या कामात साडेचौदा हजार रुपये गेले. ते एक वेळ गेले म्हणू, पण बाथरूमचा नळ कुणाच्या तरी जिवावर उठला असता.

आमची इमारत डोंबिवलीतली, जुनी. त्या काळच्या हिशेबाने स्वयंपाकघरात एकच पॉवर प्लग. इंडक्शन आलं, मायक्रोवेव्ह आला, आणि सगळा संसार एक्स्टेंशन बोर्डावर लोंबकळायला लागला. सासूबाई कायमच्या राहायला येणार होत्या. तेव्हा ओट्यापाशी नवा प्लग काढायचा, गीझरचा जळका सॉकेट बदलायचा आणि पिवळे पडलेले स्विच नवे करायचे ठरलं. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने माणूस पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर रेट ठरला: तांब्याची अडीच एमएम वायर, स्वतंत्र अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर), 16 अँपियरचे सॉकेट, मजुरीसकट.

काम झाल्यावर त्याने मला मुद्दाम बोलावून दाखवलं. होल्डरला बल्ब, त्याच्या दोन वायरी; एक फेजच्या (वीज येते त्या) भोकात, दुसरी वरच्या जाड अर्थच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला. “बघा मॅडम, अर्थिंग एक नंबर!” या प्रयोगाला कोण नाही म्हणणार?

दुसऱ्या दिवशी गीझर चालू केला आणि खट्‌कन ईएलसीबी पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. गीझर बंद असला की सगळं सुरळीत. त्याला फोन केला तर म्हणाला, “जुना ईएलसीबी आहे मॅडम, नको तेवढा सेन्सिटिव्ह झालाय.” नवा बसवला, 2,800 रुपये घेतले आणि जुना ‘भंगार आहे’ म्हणून पिशवीत टाकून घेऊन गेला. त्यानंतर काहीही पडलं नाही. आम्ही खूश.

पुढे पंख्याचा रेग्युलेटर बिघडला म्हणून नणंदेच्या ओळखीचे एक वायरमन काका आले. आयटीआय केलेले, विद्युत निरीक्षकांकडचा परवाना असलेले. मेन बंद करायला डीबीचं (घरातले सगळे मुख्य स्विच असतात त्या डब्याचं) झाकण उघडलं आणि तिथेच थबकले. “ताई, याला टेस्टचं बटण कुठाय?”

नव्हतंच. ईएलसीबीवर (आता दुकानात आरसीसीबी म्हणतात) ‘टी’ लिहिलेलं बटण असतं आणि 30 एमए (मिलिअँपियर) किंवा 0.03 ए असं छापलेलं असतं. आमच्या डीबीत त्या जागी साधा डबल पोल एमसीबी होता; तो फार जास्त करंट गेला तरच पडतो, गळती ओळखत नाही. आकाराने जवळपास तसाच, किमतीला कितीतरी स्वस्त. म्हणजे चांगला ईएलसीबी तो घेऊन गेला, आणि वर त्याच्याच किमतीत आम्हाला एमसीबी चिकटवला.

मग काकांनी गीझरच्या सॉकेटची प्लेट सोडवली. आत अर्थिंगची हिरवी वायर नव्हतीच. न्यूट्रलच्या (वीज परत जाते त्या) स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटाच्या पेराएवढा काळ्या वायरचा तुकडा वाकवून बसवला होता. हेच आमचं ‘स्वतंत्र अर्थिंग’. ओट्याच्या सॉकेटमध्येही तेच. नवी वायर थोडी ओढून पाहिली तर तिच्यावर ठरलेल्या अडीचऐवजी 1.0 स्क्वेअर एमएम छापलेलं. गीझर 2000 वॅटचा, 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपियर खातो. इंडक्शनही त्याच वायरवरून काढलेलं. दोन्ही एकदम लागले तर 16 चा एमसीबी पडणार, म्हणून तो काढून 32 चा बसवला होता. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. या माणसाने वायर जळेपर्यंत तो पडणार नाही याची सोय केली होती. गंमत म्हणजे स्विच मात्र अस्सल निघाले. भिंतीवर दिसतात ना ते!

बल्ब मग पेटला कसा? अर्थचं भोक न्यूट्रललाच जोडलेलं, त्यामुळे फेज-अर्थमध्ये बल्ब पेटणारच. बाजारात तीन दिव्यांचा प्लगसारखा टेस्टर मिळतो, त्यालाही ही चलाखी पकडता येत नाही. काकांनी दोन्ही वायरी तोडणारा मेन बंद केला, मल्टिमीटर बझरवर ठेवला आणि सॉकेटच्या न्यूट्रल व अर्थमध्ये टोकं घातली. मीटर वाजला, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले. तिथे तो वाजायला नको.

आणि ईएलसीबी का पडत होता, तेही तेव्हाच कळलं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपियरचा फरक पडला की तोडतो. गीझरची बॉडी न्यूट्रलला जोडलेली, बॉडीला आमच्या जुन्या लोखंडी पाइपलाइन लागलेल्या, पाइप जमिनीत गेलेले. परतीचा थोडा करंट त्या वाटेने पळत होता. ईएलसीबी आपलं काम चोख करत होता. उद्या न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन वायर सुटली असती, तर फेज गीझरच्या कॉइलमधून त्या काळ्या तुकड्यावरून थेट बॉडीवर आणि नळावर आला असता. तो तोडणारं घरात काही उरलेलं नव्हतं.

दुकानदाराने हात वर केले: “तो आमचा माणूस नाही, माल घ्यायला येतो.” बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही, पैसे त्या माणसाच्या यूपीआयवर गेलेले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अडीच एमएम, अर्थिंगसकट’ असं त्यानेच टाइप केलेलं असल्यामुळे निदान कागदोपत्री काही हातात आहे. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथेही जायची तयारी आहे. काकांनी सगळी वायर बदलली, मीटरपासून हिरवी वायर ओढली, नवा आरसीसीबी बसवला. प्रत्येक प्लेट बंद करण्याआधी मला बोलावून आतला फोटो काढायला लावला.

आमच्याच विंगमध्ये त्याने आणखी दोन घरांत काम केलंय. एका घरी काकांना घेऊन गेले. गीझरच्या सॉकेटमध्ये तोच काळा तुकडा. दुसरं कुटुंब गावी गेलंय. त्यांना फोन करून सांगितलंय, आल्यावर आधी आमची बेल वाजवा, गीझर लावू नका.