इंजिनिअरिंग ट्रान्सफरचा सल्ला : पाचपैकी चार

अमेरिकेतल्या कॉलेज-ट्रान्सफरचा सल्ला देणाऱ्या मॅडमचं ऑफिस पुण्यात नळस्टॉपजवळ, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने जा. भिंतीवर ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ छापाचे फोटो नाहीत, हे मला सगळ्यात आधी आवडलं.

आमची लेक कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात आहे. दोन वर्षं तिथे काढून मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जायचं आणि पुढे पीएचडी, असा तिचा बेत. मी स्वतः डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला शिरलेला माणूस. वर्गात ग्रुप आधीच पडलेले असतात आणि सरांना नावं दुसऱ्यांचीच पाठ असतात, हे मी भोगलंय. संध्याकाळी सातची वेळ मिळाली, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. लेक डोळे चोळत व्हिडिओवर.

मॅडमनी रँकिंगचा कागद बाजूला सारला आणि विचारलं, “काका, हिला शिफारसपत्रं कोण देणार?” मग हिशोब मांडला. सप्टेंबरात नव्या विद्यापीठात दाखल व्हायचं; पीएचडीचे बहुतेक अर्ज पुढच्याच वर्षी डिसेंबरात बंद होतात. हातात जेमतेम सव्वा वर्ष. तेवढ्यात तीन प्राध्यापकांनी तिला नीट ओळखलं पाहिजे, त्यातल्या एकाने तरी लॅबमध्ये काम करताना पाहिलेलं हवं. त्यात उन्हाळ्याची एकच सुट्टी. एनएसएफ या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या पैशावर चालणारे आरईयू नावाचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या पोरांना तिथे दार बंद. म्हणजे स्वतःच्याच विद्यापीठात काम मिळवावं लागणार. हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. लेकीची झोप तिथेच उडाली.

मग असिस्ट ही वेबसाइट उघडून डी अँझाचा एकेक विषय कुठे धरला जातो ते तपासलं. स्टॅटिक्स किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स राहिलं, तर तिसऱ्या वर्षात मागचंच भरत बसायचं आणि लॅब बोंबलली. टॅगचंही नीट समजावलं : युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देतात, पण हमी एकाच कॅम्पसची मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत आणि सँटा बार्बराच्या इंजिनिअरिंगला ती लागू नाही. सॅन होजे स्टेट विद्यापीठाबद्दल सरळ बोलल्या : नोकरीसाठी उत्तम, सिलिकॉन व्हॅली दाराशी, पण हिला संशोधनात जायचंय तर पहिली पसंती नको. शेजारच्या जोश्यांना हे पटणार नाही, त्यांचा भाचा तिथूनच लागलाय.

शेवटी लेकीने यादीत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा डेव्हिस कॅम्पस वर ठेवला. मला बर्कलीचा मोह होता, अजूनही आहे. अर्ज तिथेही करणार आहोत.

एक गुण कापला तो पैशांच्या बाबतीत. कर्ज, राहण्याचा खर्च, डॉलरचा भाव यावर मॅडम “सीएला विचारा” म्हणून मोकळ्या होतात. निबंधही त्या लिहून देत नाहीत, फक्त खुणा करतात. काही पालकांना ते खटकेल, मला चाललं. फी आधीच सांगतात आणि पावती मिळते.

जाणार असाल तर ऑगस्टमध्येच वेळ घ्या. टॅगचा अर्ज सप्टेंबरातच भरावा लागतो, आणि गणपतीत ऑफिस बंद असतं.