डोंगल की ब्लूटूथ, आणि त्याआधी फोन कुठला?

फोन निवडताना लोक कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतात, माउस निवडताना डीपीआय, म्हणजे माउस किती बारीक हालचाल टिपतो तो आकडा. दोन्ही आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात, एवढंच त्याचं कारण. रोजच्या वापरात डोकं खाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. माउस लॅपटॉपवर झकास चालतो, पण फोनला जोडायचा कसा ते कळत नाही. मीटिंग सुरू झाली की महागड्या हेडफोनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. फोन मॉनिटरला जोडायला केबल आणावी, तर पडद्यावर काळोख. यातलं काहीही मेगापिक्सेलने सुटत नाही. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: वस्तू एकमेकींना कशा जोडल्या जातात ते आधी, आणि कुठली वस्तू घ्यायची ते नंतर.

माउस आणि कीबोर्ड: दोन जाती

वायरलेस माउस-कीबोर्डच्या मुख्य जाती दोन. एकाबरोबर नखाएवढा यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकात खोचायचा रिसीव्हर येतो, दुसरा थेट ब्लूटूथवर चालतो. रेडिओच्या दृष्टीने दोघे शेजारीच राहतात. दोघांचाही पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, आणि त्याच पट्ट्यात वायफायचीही वर्दळ असते. फरक आहे तो संगणकाशी ओळख करून घेण्याच्या रीतीत.

डोंगल आणि माउस यांची जोडी कारखान्यातच जमलेली असते. संगणकाला वाटतं, साधा वायरचाच माउस लावला आहे. त्यामुळे पेअरिंगची भानगड नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी बायॉसच्या, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरही कीबोर्डची बटणं चालतात. ब्लूटूथ कीबोर्डची तिथे बहुधा दांडी असते, कारण ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमबरोबरच जागं होतं. डेस्कटॉप वारंवार फॉर्मॅट करणाऱ्याने किंवा एकाच मशीनवर दोन सिस्टिम ठेवणाऱ्याने फक्त ब्लूटूथवर विसंबू नये. एखादा जुना वायरचा कीबोर्ड तरी कपाटात असू द्यावा.

वेगातही डोंगल पुढे. चांगला गेमिंग माउस डोंगलवरून सेकंदाला १,००० वेळा आपली जागा कळवतो. बाजारातले बहुतेक ब्लूटूथ माउस लो एनर्जी या कमी वीज खाणाऱ्या पद्धतीने चालतात. तिथे दोन संदेशांमधलं अंतर ७.५ मिलिसेकंदांच्या खाली जात नाही, म्हणजे सेकंदाला फार तर १३३ संदेश. एक्सेल, ईमेल, ब्राउझर यांत हा फरक कुणाच्याही लक्षात येणार नाही. वेगवान नेमबाजीच्या खेळात मात्र येतो. तुम्ही तसले खेळ खेळत नसाल, तर १,००० या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. डीपीआयचंही तेच: साध्या कामाला हजार-दीड हजार भरपूर होतात, त्यापुढचे पाच आकडी दावे जाहिरातीसाठी. काचेच्या टेबलावर काम करत असाल, तर डीपीआयपेक्षा माउस काचेवर चालतो की नाही ते बघा, कारण साधा ऑप्टिकल सेन्सर तिथे हमखास गोंधळतो.

डोंगलची दुखणी वेगळी आहेत. पहिलं, तो एक पोर्ट अडवतो, आणि पातळ लॅपटॉपना पोर्ट असतातच दोन. दुसरं, स्वस्त माउसचा डोंगल हरवला की माउस बाद, कारण दुसरा डोंगल त्याला ओळखत नाही. लॉजिटेकने २००९मध्ये युनिफाइंग नावाची पद्धत आणली, त्यात एका डोंगलवर सहा वस्तू चालतात आणि हरवल्यास नवा डोंगल मिळतो. पुढे २०२१मध्ये त्याच कंपनीचा बोल्ट आला. हे दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा जुना डोंगल आहे म्हणून नवा कीबोर्ड घेणाऱ्याने वस्तूवरचं छोटं चिन्ह निरखून घ्यावं.

तिसरं दुखणं सर्वांत कमी लोकांना ठाऊक असतं, आणि त्यापायी चांगले माउस भंगारात जातात. यूएसबी ३ची पोर्ट आणि केबल काम करत असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपणच काढलं होतं. बाहेरची हार्डडिस्क लावली आणि शेजारच्या पोर्टमधल्या डोंगलचा माउस अडखळू लागला, तर माउसचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त. डोंगल दुसऱ्या बाजूला लावा, यूएसबी २च्या पोर्टमध्ये टाका किंवा वीतभर एक्स्टेंशन केबलने लांब करा. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, लोखंडी कॅबिनेटच्या आड डोंगल खोचून टेबलावरून माउस नीट चालण्याची अपेक्षा करणंही तसंच.

सुरक्षेचा मुद्दा माउसपेक्षा कीबोर्डला लागू, कारण पासवर्ड कीबोर्डवरून जातात. २०१६मध्ये संशोधकांनी माउसजॅक या नावाने एक त्रुटी उघड केली: बऱ्याच नामांकित कंपन्यांच्या ब्लूटूथ नसलेल्या डोंगलना दुरून खोटी बटणं दाबल्याचे संदेश पाठवता येत होते. नंतर अनेकांनी सुधारणा केल्या. वर आलेला बोल्टही ब्लूटूथ लो एनर्जीच्या कूटबद्ध पायावर उभा आहे. निनावी कंपनीचा जुना डोंगल कीबोर्ड वापरून बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढं मी ठामपणे सांगेन.

आता ब्लूटूथची बाजू. पोर्ट लागत नाही, हरवायला काही नाही, आणि फोन, टॅब्लेट, लॅपटॉप सगळ्यांना चालतो. मध्यम श्रेणीच्या कीबोर्डवर एक-दोन-तीन अशी बटणं असतात. एक दाबलं की लॅपटॉप, दुसरं दाबलं की फोन. ही सोय ज्याने आठवडाभर वापरली तो परत मागे जात नाही. खोड एकच: थोडा वेळ हात लावला नाही की तो झोपतो आणि उठायला क्षणभर घेतो. पहिलं अक्षर गिळलं जातं.

माझा कौल स्वच्छ आहे. डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला माउस मिळत असेल, तर तोच घ्यावा: डेस्कटॉपला डोंगल, बाकी सगळ्याला ब्लूटूथ. कीबोर्ड मात्र ब्लूटूथचा, अनेक उपकरणांना जोडता येणारा.

फोनच्या बाजूने बघितलं तर

अँड्रॉइड फोनला ब्लूटूथ माउस जोडला की पडद्यावर बाण उमटतो, उजवं बटण आणि चाकही बहुधा चालतं. डोंगलही ओटीजीमधून, म्हणजे फोनच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी वस्तू जोडणाऱ्या अडॅप्टरमधून लावता येतो, पण फोनचं एकुलतं पोर्ट त्यात गुंततं आणि चार्जिंग थांबतं. आयफोनची तऱ्हा निराळी. तिथे माउस चालतो तो असिस्टिव्हटच या सुलभतेच्या सेटिंगमधून, २०१९च्या आयओएस १३पासून, आणि बाणाऐवजी एक गोल ठिपका फिरतो. बोटाची नक्कल करणारी सोय आहे ती, संगणकासारखा माउस नव्हे. आयपॅडला मात्र मार्च २०२०च्या आयपॅडओएस १३.४पासून माउस आणि ट्रॅकपॅडचा रीतसर आधार आहे. कीबोर्डबाबत कुणाचीच तक्रार नाही; दोन्हीकडे उत्तम चालतो.

याहून मोठी मेख पोर्टमध्ये आहे. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनना तो सक्तीचा केला, त्यामुळे आकाराचा प्रश्न जवळपास मिटला. आत काय आहे हा प्रश्न तसाच राहिला. पुष्कळ मध्यम किमतीच्या फोनमध्ये टाइप-सीच्या आत यूएसबी २ असतं, म्हणजे सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट, आणि मॉनिटरला चित्र पाठवायची सोयच नसते. वेग आणि चित्र या पुन्हा दोन वेगळ्या गोष्टी: आयफोन १५मध्ये डेटाचा वेग यूएसबी २चाच, तरी केबलने मॉनिटरवर चित्र जातं. म्हणून 'टाइप-सी आहे ना?' असं विचारून उपयोग नाही. तांत्रिक माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधा. कुठेच सापडला नाही, तर ती सोय नाही असं धरून चाला.

फोनचाच संगणक करायचा असेल, तर हा शब्द निर्णायक ठरतो. सॅमसंगने २०१७मध्ये गॅलेक्सी एस८बरोबर डेक्स आणलं: फोन मॉनिटरला लावा, खिडक्या-टास्कबारसकट डेस्कटॉप हजर. ब्लूटूथ कीबोर्ड आणि माउस जोडले की लिखाण, ईमेल, सादरीकरण एवढी कामं आरामात होतात. आयफोन मॉनिटरवर मुख्यतः आपल्याच पडद्याची प्रतिमा दाखवतो. ज्याला लॅपटॉपविना भागवायचं आहे त्याने या एका कारणासाठी वरच्या श्रेणीचा अँड्रॉइड घ्यावा, हे मी कॅमेऱ्याच्या तुलना बाजूला ठेवून सांगतो.

कानाचा मामला

हेडफोनच्या बाबतीत फोन आणि संगणक यांची गाठ सर्वांत घट्ट असते, आणि फसगतही इथेच जास्त होते.

आधी कोडेक. ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवला जातो, आणि दाबायची पद्धत, म्हणजेच कोडेक, दोन्ही टोकांना माहीत असावी लागते. सोनीचं एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं आणि अँड्रॉइड ८पासून अँड्रॉइडमध्येच अंतर्भूत आहे. आयफोनला ते येत नाही. तो एएसी या दुसऱ्या कोडेकवर थांबतो. आयफोनवाल्याने एलडॅकचा शिक्का बघून जादा पैसे मोजले, तर फोनवर गाणी ऐकताना ते वाया गेले. एएसी वाईट आहे असं मात्र नाही. बसमध्ये किंवा रस्त्यावर दोन्हींतला फरक ओळखणारे कान विरळा.

मीटिंगमध्ये आवाज का बिघडतो, ते बघू. जुन्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की संगणक बोलण्याच्या वाटेवर जातो, तिथे आवाज एकपदरी (मोनो) होतो आणि त्याची गुणवत्ता टेलिफोनइतकी खाली येते. हेडफोन कितीही भारी असोत, हे टळत नाही. उपाय सोपा: मीटिंगमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. दिवसभर कॉलवरच असणाऱ्याने स्वतःच्या डोंगलसह येणारा हेडसेट घ्यावा. इथे मी ब्लूटूथच्या विरोधात उघडपणे मत देतो. खेळांसाठीही तोच. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा मागे पडतो. व्हिडिओ अ‍ॅप हे अंतर चित्र थांबवून भरून काढतात, पण खेळात गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो.

एलई ऑडिओ ही नवी पद्धत यातलं बरंच काही सुधारते. तिचा पाया २०२०च्या ब्लूटूथ ५.२मध्ये घातला गेला. पण ती सक्तीची नाही. खोक्यावर ५.३ किंवा ५.४ लिहिलं आहे म्हणून एलई ऑडिओ असेलच असं नव्हे, आणि हेडफोन व ज्याला ते जोडले तो फोन किंवा लॅपटॉप, अशा दोन्ही टोकांना ती असल्याखेरीज फायदा नाही. आवृत्तीचा आकडा पाहून कुणी काही विकत असेल, तर थेट विचारावं: एलई ऑडिओ आहे का?

त्यापेक्षा मल्टिपॉइंटकडे लक्ष द्या, म्हणजे एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेलं राहणं. लॅपटॉपवर व्याख्यान चालू असताना फोन वाजला, तर आवाज आपोआप फोनकडे वळतो. एकाच कंपनीच्या वस्तूंमध्ये अदलाबदल खूप सहज होते, पण ती त्याच कुंपणात. लॅपटॉप एका कंपनीचा आणि फोन दुसऱ्याचा असेल, तर मल्टिपॉइंटवाचून हेडफोन घेऊच नयेत.

बॅटरी आणि आयुष्य

माउसमध्ये पेन्सिल सेल असावा की आत बसवलेली बॅटरी? माझं मत सेलच्या बाजूने. एक सेल महिनोन्महिने पुरतो, संपला तर मिनिटात बदलतो, आणि पाच वर्षांनी बॅटरी फुगण्याचा प्रश्न येत नाही. कीबोर्डला दिवे असतील, तर मात्र आतली बॅटरी बरी, कारण दिवे सेल खाऊन टाकतात. अ‍ॅपलच्या मॅजिक माउसचं चार्जिंगचं भोक पोटाखाली आहे, म्हणजे चार्ज होताना माउस उताणा. २०२४मध्ये त्यांनी तिथे टाइप-सी दिलं, जागा तीच ठेवली!

फोनमध्ये आयुष्य ठरतं ते अपडेटवर. गुगलने पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. युरोपीय संघाच्या जून २०२५च्या नियमांनुसार ८०० चार्जनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. अपडेटचा संबंध अ‍ॅक्सेसरींशीही आहे, कारण ब्लूटूथमधल्या त्रुटींची डागडुजी याच अपडेटमधून होते. दोन वर्षं अपडेट मिळणारा जास्त मेगापिक्सेलचा फोन आणि सहा-सात वर्षं मिळणारा कमी मेगापिक्सेलचा, यांत दुसरा घ्या. चकचकीत नसला तरी.

मग कुणी काय घ्यावं

डेस्कटॉपवर बसून काम करणाऱ्याला महागडा फोन लागत नाही. दोन्ही पद्धतींचा माउस आणि मीटिंगसाठी डोंगलचा हेडसेट यांवर पैसे घालावेत, फोन अपडेट पाहून घ्यावा. लॅपटॉप आणि फोन घेऊन फिरणाऱ्याने सगळं ब्लूटूथवर न्यावं, फक्त हेडफोन मल्टिपॉइंटचे आणि कीबोर्ड तीन उपकरणांचा. आयफोन आणि विंडोज अशी सरमिसळ असेल, तर कीबोर्डवर दोन्ही सिस्टिमची चिन्हं छापलेली आहेत ना, तेवढं बघा. नाहीतर कमांड आणि कंट्रोल यांचा घोळ रोजचाच.

आणि ज्याच्याकडे फक्त फोन आहे, लॅपटॉप घ्यायचा विचारही नाही, त्याने आधी एक घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड आणि फोन उभा ठेवायचा स्टँड घ्यावा. माउसची घाई नको. पडद्याला बोट लावता येतंच.