आयरिश नावं ऐकायची तर ‘टँगलन’वर: एक नाव घेऊन पारख

आयरिश अभिनेत्री सर्शा रोननमुळे तिचं नाव जगभर पोचलं आणि त्यासोबत उच्चाराचा घोळही. एस-ए-ओ-आय-आर-एस-ई ही अक्षरं एकेक करून देवनागरीत उतरवली की ‘साओइर्से’ होतं, आणि तसं कुणीच म्हणत नाही. हा घोळ निस्तरायला टँगलन डॉट आयई हे आयरिश कोशांचं मोफत संकेतस्थळ सर्वांत भरवशाचं.

शब्द टाकून थेट उच्चाराच्या विभागात जा. कॉनाख्ट, मन्स्टर आणि अल्स्टर या तिन्ही बोलींतली ध्वनिमुद्रणं ऐका, एकावर थांबू नका. कान कुठे लावायचा? पहिल्या ‘एस’पुढे ‘ए’ आहे, म्हणून तो जाड स. ‘ए-ओ-आय’ मिळून दीर्घ ई. दुसऱ्या ‘एस’पुढे ‘ई’ आल्याने त्याचा श होतो. शेवटचा स्वर ओझरता. हाती येतं ते साधारण ‘सीर्श’ आणि मागे किंचित अ. इंग्रजी बोलताना मात्र ‘सर्शा’ही चालतं, रोनन स्वतः तसंच म्हणते. कोशात तो उच्चार नाही म्हणून तिला चूक ठरवायला जाऊ नये.

ओ डोनल यांचा 1977चा आयरिश-इंग्रजी कोशही इथेच आहे. त्यात या नावाचा अर्थ स्वातंत्र्य, मूळ ‘सेर’, म्हणजे मुक्त (आणि स्वस्तसुद्धा!). 1922च्या आयरिश फ्री स्टेट (मुक्त राज्य) या देशाच्या आयरिश नावातही हेच मूळ. व्यक्तिनाम म्हणून वापर त्याच सुमाराचा. पुराणकथांतल्या नीव्हसारखं हे जुनं नाव नव्हे.

उणीव मोठी एकच: हा शब्दकोश आहे, नावांचा कोश नाही. ध्वनिमुद्रण मूळ रूपाचं मिळतं, हाक मारतानाचं नाही. आयरिशमध्ये हाक मारताना आधी ‘अ’ लागतो आणि स चा ह होतो: ‘अ हीर्श’. आपण रामचा ‘रामा’ करताना शेवट बदलतो, तिथे सुरुवात बदलते. 2021मध्ये आयर्लंडमध्ये मुलींच्या नावांत पहिलं आलेलं ‘फीआ’ एफ-आय-ए-डी-एच अशा जुन्या वर्तनीत लिहितात. त्यासाठी शेवटचे डी-एच काढून शोधा, ‘हरिण’ हा अर्थ सापडेल.

कोणत्या वर्षी किती मुलींना नाव ठेवलं, हे इथे मिळणार नाही. त्यासाठी आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाची नावांची यादी बघा. ती 1964पासून आहे, पण वर्षाला तीनहून कमी नोंदी असलेली नावं त्यात दाखवत नाहीत, आणि वेगळी वर्तनी म्हणजे वेगळं नाव धरतात.